राणीसाहेब दारात

माणसांनी घर बांधलं त्याच्याही आधी मुंग्यांनी ज्या जागी राज्य थाटलं होतं, तिथली ही गोष्ट.

राणीची धाकटी लेक मिरी हट्टाला पेटली. तिला फळीवरचा गुळाचा खडा आणायचा होता, आणि त्या फळीवर पाल नावाची राक्षसीण राहत होती.

"राणीसाहेब, नाही म्हणा," प्रधानीण म्हणाली.

"जाऊ दे तिला. मिरे, वाटेवर वास सोडत जा, म्हणजे परत येता येईल."

मिरी गेली आणि मागोमाग कुणीतरी ओल्या फडक्यानं फरशी पुसून काढली. वाटेचा वास पार गेला. प्रधानीण रडायलाच लागली.

राणीनं अंडी घालणं थांबवलं आणि पंख गळाल्यापासून पहिल्यांदाच ती दाराकडे निघाली. डोकं बाहेर आलं, पण पोट काही येईना. वीस दासींनी मागून ढकललं, तरी ती हलेना.

"राणीसाहेब, अडकलात हो!"

"अडकलंय कोण? लेकीची वाट बघतेय. आईचा वास तिला कुठूनही येईल."

संध्याकाळपर्यंत राणी तशीच दारात. अखेर तो वास हुंगत मिरी लंगडत आली. तोंडातला गूळ खाली ठेवून ती ओरडली, "आई, अगं मी पालीच्या नाकावरून..."

"सगळं ऐकणार आहे," राणी म्हणाली. "पण आधी मला आत ढकल. मला तुला नीट बसून रागवायचंय."