पलीकडच्या काठावरची टिटवी

एका माळरानाच्या कडेला पाणवठा होता आणि त्याच्या काठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी एकटीच राहत असे. बिबट्या गवतात नुसता हलला तरी तिला कळे. मग ती असा काही गलका करी की पाणी पिणारे सगळे क्षणात पसार होत. मागच्या उन्हाळ्यात हरिणीचे पाडस तिच्याच हाकेने वाचले होते. पण मुलांनो, तिची एक गोष्ट सगळ्यांना खटके. बाकीचे प्राणी पाणी पिण्याआधी काठावरच्या जुन्या वडापुढे मान लववत. टिटवी मात्र उताणी पडून दोन्ही पाय वर करी, कारण तिचा देव आभाळ होता.

एकदा पाणवठ्यावर राखणदार नेमायचे ठरले. टिटवी आणि रानकोंबडा असे दोघे उभे राहिले. ज्याला जो हवा, त्याच्यापुढे एक पान ठेवायचे. म्हाताऱ्या वानराने दोघांना एकच प्रश्न विचारला, "वडाला नमस्कार करता ना?" बिबट्याचे नावही त्याने काढले नाही!

"रोज! तोही दोनदा!" रानकोंबडा म्हणाला.

"नाही आजोबा, खोटं कशाला बोलू?" टिटवी म्हणाली. "पण वडाखाली जो येईल त्याची राखण करीन."

झाले, कुजबुज सुरू झाली. हरिणी टिटवीजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू गुणी आहेस गं. पण मला माझ्या कळपात तोंड दाखवायचंय." आणि तिने आपले पान रानकोंबड्यापुढे ठेवले. टिटवीपुढे एकच पान होते, तिने स्वतः ठेवलेले. निदान हरिणीचे तरी येईल, असे तिला वाटले होते.

रानकोंबड्याने पहिलाच हुकूम सोडला, "यापुढे हाक माझीच ऐकायची. ती ओरडली तर कुणी धावायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. हरिणीने पाडसालाही तसे बजावून ठेवले. टिटवी पलीकडच्या काठावर राहायला गेली. तिथून तिला सगळे दिसत, पण तिच्याकडे कुणी बघत नसे. दिवसच्या दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. मला तर तिची फार कीव येते.

चैत्रातल्या एका दुपारी बिबट्या दबकत आला. रानकोंबड्याला वडाखाली वाळवी सापडली होती, तो माती उकरण्यात गुंग होता. टिटवी मात्र जीव तोडून ओरडली. पाडसाने कान टवकारले आणि रानकोंबड्याकडे पाहिले. तो गप्पच होता. पाडसाने पुन्हा पाण्याला तोंड लावले, आणि बिबट्याने झेप घेतली.

संध्याकाळी हरिणी पाणी तुडवत पलीकडे आली. "तुला तो दिसला नाही का गं?"

"दिसला. मी ओरडले."

"मग माझं बाळ पळालं का नाही?"

टिटवी म्हणाली, "शहाणं होतं ते. तू सांगितलेलं त्याने ऐकलं."

तात्पर्य : राखणदार निवडताना तो कुणापुढे मान लववतो हे विचारू नये, त्याचे डोळे उघडे आहेत का ते पाहावे.