भागोजीने गुरुजींची नाणी सांभाळली

सव्वीस जानेवारी, सकाळी साडेनऊ. ठिकाण निंबखेड, भागोजीच्या घराची मधली खोली. सरपंच, हवालदार आणि निम्मं गाव यांच्या समक्ष तिजोरी उघडण्यात आली. आत काही नव्हतं.

आता मागची हकिकत.

या निंबखेडात भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. त्याला सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा, आणि एकदा सांगितलेलं जन्मभर करायचा.

गावच्या परांडेकर गुरुजींनी हयातभर जुनी नाणी जमवली होती. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, तांब्याच्या शिवराया. त्यातली एक शिवराई काठाला वाकलेली. ती गुरुजींनी गावातल्या प्रत्येक पोराच्या तळहातावर ठेवून दाखवली होती. गुरुजी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदूताईंनी सगळी नाणी शाळेला देऊन टाकली. पोरांनी बघावीत, एवढीच त्यांची इच्छा. पण शाळेत ती ठेवायला खोली नव्हती. खोली बांधून होईपर्यंत नाणी कुणाच्या तरी घरी ठेवायची ठरली.

सरपंच बापूसाहेबांनी भागोजीचं नाव सुचवलं. भोळा माणूस चोरी करत नाही, असं ते म्हणाले. भोळा माणूस चोरी होऊ देतो का, हे कुणी विचारलं नाही.

"तिजोरी अशी आण," बापूसाहेब म्हणाले, "की कुणालाही उघडता येणार नाही."

भागोजी तालुक्याच्या दुकानात गेला. दुकानदाराने एक तिजोरी उघडून दाखवली.

"ही नको. ही उघडते."

दुसरी दाखवली. तीही उघडली. भागोजीने मान हलवली. असा मालच ठेवता कशाला, असं त्याने दुकानदाराला विचारलं. दुकानदाराचं डोकं फिरलं. मागच्या अंगणात कुलूप गंजून अडकलेली एक तिजोरी पडली होती. ती त्याने पुढ्यात ओढली. भागोजीने तिला हिसके दिले, लाथा घातल्या, पहार लावून पाहिली. मग समाधानाने घाम पुसला आणि टेम्पो बोलावला.

घरी त्याची बायको हौसा वाट बघत होती. तिने तिजोरी बघितली, नवऱ्याकडे बघितलं.

"आणि नाणी आत कशी घालायची?"

"ते सांगितलं नाय कुणी," भागोजी म्हणाला, आणि त्याने नाण्यांची पिशवी तिजोरीच्या डोक्यावर ठेवली.

बापूसाहेब पोट धरधरून हसले. म्हणाले, बाबा रे, कुठलीही गोष्ट आधी उघडून बघायची आणि मगच घ्यायची. भागोजीने त्याची खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवशी हौसाने त्याला अंडी आणायला पाठवलं. त्याने प्रत्येक अंडं उघडून बघितलं आणि मगच घेतलं. अंडी तांब्यातून घरी आली.

तिजोरी बदलून मिळाली. ही जुनीच होती, पण उघडत होती. किल्ली मात्र एकच. बसवायला आलेला गवंडी म्हणाला, नुसती ठेवलीत तर कुणीही उचलून नेईल. जी वस्तू नेता येते ती जमिनीला आवळून टाकावी. त्याने बोल्ट ठोकले आणि तो गेला. भागोजी विचार करत बसला. किल्लीसुद्धा नेता येते. तेव्हा त्याने किल्लीला साखळी लावली आणि ती तिजोरीच्याच कडीला पक्की केली. मग हौसाच्या चपला खिळ्याने उंबऱ्याला ठोकल्या.

"मला पण ठोका आता," हौसा म्हणाली. भागोजीने हातोडी खाली ठेवली. तिला नेणारं कुणी त्याला आठवेना.

इंदूताई एकदा नाणी बघायला आल्या. घासू नका, एवढंच त्यांनी बजावलं. जुन्या तांब्याला घासलं की त्याची किंमत जाते. त्या दिवसापासून भागोजीने पाण्याचा हंडा घासू दिला नाही. हंडा हिरवा पडला. भागोजीने त्याची किंमत वाढू दिली.

साखळीची गोष्ट बापूसाहेबांच्या कानावर गेली. ते स्वतः आले. या खेपेला ते हसले नाहीत. खोलीत कुणी नाही, हे त्यांनी आधी बघून घेतलं.

"किल्ली तिजोरीपासून लांब ठेवावी, भागोजी. लांब आणि भरवशाच्या जागी."

बापूसाहेबांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याहून लांब गावात काही नव्हतं, आणि सरपंचाहून भरवशाचं भागोजीला कुणी ठाऊक नव्हतं. त्याने साखळी तोडून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"आणि नाणी कुठे आहेत, हे कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

दिवाळीनंतर बापूसाहेबांनी नवा बंगला बांधला. वास्तुशांतीला सगळं गाव जेवायला होतं. इंदूताईंना तेवढं बोलावणं नव्हतं. दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात मखमल, मखमलीवर नाणी. मधोमध काठाला वाकलेली शिवराई.

"बापूसाहेब, इथं बरी शोभतात," भागोजी कौतुकाने म्हणाला.

बापूसाहेबांनी त्याच्या पानात स्वतःच्या हाताने जिलबी वाढली. "मी काय सांगितलं होतं, आठवतं ना?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही," भागोजी म्हणाला आणि जिलबी खाल्ली.

जानेवारीत शाळेची खोली तयार झाली. झेंडावंदन झाल्यावर मंडळी नाणी न्यायला भागोजीच्या घरी आली. बापूसाहेबांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली, तिजोरी उघडली आणि कपाळाला हात लावला.

हवालदार भागोजीकडे वळले. नाणी कुठे आहेत?

"ठाऊक आहे."

"मग सांग."

"सांगायचं नाही."

खोलीत हशा पिकला. बापूसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. हसल्या नाहीत त्या इंदूताई. त्या पुढे आल्या आणि त्यांनी हात जोडून विचारलं, भागोजी, मला तरी सांग, पोरं वाट बघतायत.

भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, तुमीबी कुणालाहीमधीच येता."

हवालदारांना एवढा कबुलीजबाब पुरला. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. जीपचं दार भागोजीने उघडलं, आत नीट डोकावून बघितलं, आणि मगच तो बसला.

हौसा अनवाणी धावत आली. चपला अजून उंबऱ्यालाच होत्या. तिने हवालदारांना एकच विचारलं. तिजोरीची किल्ली एक, तर ती आत्ता कुणाच्या खिशातून निघाली?

हवालदार जीप सुरू करायला सांगत होते. बापूसाहेब घड्याळ बघत होते. त्यांच्या दिवाणखान्यात जेवून गेलेलं निम्मं गाव लांबून दिसणाऱ्या शाळेच्या झेंड्याकडे बघत उभं होतं.

हौसाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.