‘शनीवरचा वेताळ’ संपतो तेव्हा

शपथेवर सांगतो, हा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. म्हणजे मी तेव्हा बाहेर पोहे खात होतो, पण दार उघडं होतं.

वाहिनीचे मुख्य गजेंद्रगडकर यांनी ‘शनीवरचा वेताळ’ मालिकेच्या लेखिकेला, पेंडसेबाईंना, बजावलं, “शेवट ऐकून मी हादरलो पाहिजे. नाहीतर पुढची मालिका दुसऱ्याला देतो.”

“वेताळ यंत्रमानव निघतो,” बाई म्हणाल्या.

“ओळखलं होतं!”

“नायिका त्याची हरवलेली बहीण निघते.”

“हे तर आमच्या सासूबाईंनीही ओळखलं!”

“शनीची कडी तुटून पृथ्वीवर कोसळतात.”

साहेबांनी जांभई दिली. “बाई, तुमची धाव एवढीच!”

“मग असं करू साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या, “शेवटच्या भागात मालिका संपते.”

जांभई अर्ध्यावरच थांबली. “संपते म्हणजे?”

“संपते.”

“लोकाग्रहास्तव वाढीव भाग?”

“नाही.”

“वेताळाचा पुनर्जन्म?”

“नाही.”

साहेब पांढरेफटक पडले. “अहो, मालिकेत असं कुणी करतं का?”

नवी मालिका बाईंनाच मिळाली आणि वेताळ ठरल्या दिवशी संपला.

यातलं सगळं खरं आहे. वेताळ संपला, एवढंच मी पदरचं घातलं.