चार चार बोटं जागा

"...पण नेमका रविवारीच का, बाबा? सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन, आणि पोरांना आदल्याच दिवशी घरातल्या अख्ख्या खटल्याचा फोटो काढायचाय!"

हुसेनबाबा फकीर आपल्या मठीच्या, तकियाच्या ओट्यावर चिंध्यांची वाकळ शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे दौलतराव निकम. बत्तीस वर्षं जकात नाक्यावर काढलेला माणूस. ताडपत्री उचलून बघितल्याशिवाय एक ट्रक कधी सोडला नाही, आणि रिटायर झाल्यावर तीच नजर घरातल्यांवर लावली. चहात साखर जास्त पडली तरी ह्यांना वाटायचं, घरात काहीतरी शिजतंय.

"पोरं काय म्हणतात?"

"म्हणतात, आप्पा, मधली खुर्ची तुमची. फेटा तुम्हालाच. दाढी त्याच सकाळी करा. आणि तो फोटोवाला! अंगण बघायला आला नि म्हणतो कसा, आप्पांच्या दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा सोडा."

"मग सोड की."

"अहो, कशाला सोडायची ते कळतंय मला! मी टेबलावरून उठलोच नाही, तर मधला आप्पा अलगद कापायचा, मोठा करायचा, आणि वर हार घालायचा. दूधखुळा नाही मी."

"असेलही," बाबा म्हणाले. "हुशार आहेत पोरं."

दौलतराव उडालेच. बाबा 'छे छे' म्हणतील, समजूत काढतील, अशा हिशेबानं ते आले होते.

"मी बसणारच नाही फोटोत! घरात सगळ्यांची तोंडं उतरलीत, उतरू देत. बायकोनं आठ दिवस आधीच ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलंय. तीसुद्धा सामील!"

"तिच्याबरोबर तुझा फोटो आहे?"

"कुठला! आमच्या लग्नात फोटोवाला आलाच नाही. नंतर राहूनच गेलं."

बाबांनी सुईत दोरा ओवला. "बगलेत काय?"

"वडलांचा फोटो. तोही फोटोत हवाय म्हणे, धाकट्याच्या हातात. काच फुटली होती, बदलून आणली."

"बघू."

बाबांनी फ्रेम घेतली. बाहीनं काच पुसली. बराच वेळ बघत राहिले... मग एका कडेला नख टेकवलं.

"हे काय?"

"कुठं? ...डाग असेल छपाईतला."

"डाग नाही. जन्म गेला माझा चिंध्या जोडण्यात. लुगड्याचा काठ आहे हा. रुईफुली."

दौलतरावांनी वाकून त्या कडेकडं बघितलं.

"शेजारी कोण होतं?"

"आई."

"कुठं गेली?"

"वडील वारले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. चुलत्याच्या लग्नात दोघांचा एक काढलेला. त्यातूनच... मोठा करून घेतला."

"कापला कुणी?"

"मी."

"तिच्या माघारी?"

"नाही..." दौलतरावांनी टोपी काढून हातात घेतली. "तिनंच कात्री आणून दिली. म्हणाली, माझं काय ठेवतोस, ह्यांचा नीट राहू दे."

"आणि तिचा?"

दौलतराव हातातली टोपी उलटसुलट करत राहिले.

"दौलत, तिचा फोटो?"

"अकरा वर्षं होती त्यानंतर. काढू काढू म्हणत राहिलो. आता डोळे मिटले तर तोंड नीट आठवत नाही हो, बाबा. हा काठ तेवढा आठवतो."

कडुनिंबावर एक कावळा ओरडत होता, तो ओरडत राहिला.

बाबांनी दाताखाली धरून दोरा तोडला. शेजारची कात्री उचलली आणि वाकळीच्या घडीखाली सारून टाकली. फ्रेम परत दिली.

दौलतराव उठले. दोन पावलं गेले, पण सवय कुठली जायला. पुन्हा वळले.

"बाबा, खरं सांगा... पोरांच्या मनात तेच असेल का?"

"असू दे."

"मग मी बसू तरी कसा?"

"फोटोवाला सरकून बसा म्हणेल. ऐकू नकोस." बाबांनी पुन्हा वाकळ पुढ्यात ओढली. "बायकोला खेटून, तिचा पदर मांडीखाली घेऊन बस."