गवताचे पाडस आणि हरिणीचे पाडस

सागाच्या एका दाट जंगलात एक वानर होता आणि त्याला गुरुजी होण्याची भारी हौस होती. त्या जंगलात वानरांची आणि हरणांची दोस्ती जुनी. बिबट्या दिसला की झाडावरच्या वानराने हाक द्यायची आणि हरणांनी धावत मोकळ्या माळावरच्या वडाखाली जमायचे, कारण लपून झडप घालणाऱ्या बिबट्याचे उघड्यावर काही चालत नाही. दरवर्षी नव्या पाडसांना ही हाक शिकवावी लागे. यंदा एका हरिणीने आपले एकुलते एक पाडस या वानराकडे सोपवायचे ठरवले. ती म्हणाली, "वानरभाऊ, बिबट्या इकडे फिरकू लागलाय. माझ्या लेकराला लवकर शिकवा हो!"

वानराने आधी सरावासाठी गवताचे पाडस बनवले. त्याच्या गळ्यात वेल बांधली आणि तिचे टोक हातात धरून तो वडावर बसला. हाक मारायची, वेल ओढायची, पाडस घसरत वडाखाली आले की लगेच एक पिकलेले उंबर टाकायचे. आठ दिवस हेच चालले. बालमित्रांनो, एक गोष्ट कबूल करायला हवी, त्याचा हात छान बसला. उंबर ना आधी पडे, ना उशिरा. आणि गवताचे पाडस तर एकदाही चुकले नाही. चुकणार कसे? वेल ओढणारा तोच होता ना! पण वानराची छाती फुगली. "आपल्याला सगळं जमलं," तो स्वतःशीच म्हणाला.

मग खरे पाडस आले. वानराने हाक दिली, तर ते फुलपाखराकडे बघत उभेच. दुसऱ्या हाकेला त्याने कान खाजवला. वानर वैतागला. "ये ना रे, ये!" म्हणत त्याने पाडस होते तिथेच एक उंबर भिरकावले. पाडसाने ते मटकावले आणि आणखी मिळेल म्हणून तिथेच थांबले. वानराने दुसरे टाकले, तिसरे टाकले. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी गवतात खरोखरच बिबट्याची शेपटी हलली. वानराची हाक ऐकून सगळा कळप वडाकडे पळाला, आणि हे पाडस मात्र वर तोंड करून उंबराची वाट पाहत राहिले! हरिणी उलटी धावली आणि ढुशा देत तिने त्याला माळावर आणले. बिबट्याची झेप हातभर अंतराने चुकली.

वानर फांदीवरून खाली वाकला. "बाळा, हाक ऐकूनही तू धावलं का नाहीस?" त्याने विचारले.

"तुम्हीच तर शिकवलंत, मामा," पाडस म्हणाले. "हाक आली की थांबायचं, मग उंबर मिळतं."

वानराचे तोंड मुळातच काळे, त्यामुळे ते किती उतरले हे कोणाला दिसले नाही. पण हरिणीला कळले. ती म्हणाली, "वानरभाऊ, गवताला ना भूक, ना भीती, ना कंटाळा. माझ्या लेकराला हे सगळं आहे. जरा खाली उतरून त्याच्याकडे बघा."

वानर खाली उतरला. पाडसाला भूक केव्हा लागते, ते कशाला बुजते, कशाने रमते, हे त्याने दोन दिवस नुसते पाहिले. मग सकाळी, पोट रिकामे असताना, वडापासून चार पावलांवरून त्याने शिकवायला सुरुवात केली. वडाखाली पोचले तरच उंबर, आणि तेही तत्काळ. वाटेत उभे राहिले तर कितीही लाडात आले तरी काही नाही. हळूहळू अंतर वाढले. पुढच्या पंधरवड्यात बिबट्या पुन्हा आला आणि हाक उठली. सगळ्यांच्या आधी, आईच्याही आधी, ते पाडस वडाखाली हजर होते! वानराला इतका आनंद झाला की उंबर टाकायचे सोडून त्याने खाली उडी मारली आणि ते पाडसाला स्वतःच्या हाताने भरवले.

तात्पर्य : खोट्या पाडसावर सराव केल्याने हात बसतो, पण समोरचा जीव आपल्याकडून नेमके काय शिकतो आहे, हे त्या जिवाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.