मंद म्हणजे लांब

“मग त्या ताऱ्यांना ढकलतंय तरी कोण?” फकीर नूरशाहबाबांनी विचारलं.

“तीच तर गंमत, बाबा. कुणीच नाही.” डॉक्टर ओगले पायरीवर पुढे सरकले.

हे डॉक्टर ताप उतरवणारे नव्हेत, तारे बघणारे. तकियावर, म्हणजे बाबांच्या मठीत, नाडी दाखवायला आलेल्या दोन म्हाताऱ्या मघाशीच हिरमुसून परतल्या होत्या. बाबांचं म्हणाल तर लिहिण्यावाचण्याशी त्यांचं कधी जमलं नाही. पण दाढी अशी भरघोस, की समोरचा आपणहून शहाण्यासारखं बोलू लागे.

ओगले बोलू लागले. जग फुगतंय. फार लांबचे तारे फुटतात, त्यांचा उजेड हिशेबापेक्षा मंद दिसतो. मंद म्हणजे लांब. म्हणजे फुगण्याचा वेगही वाढतोय, कुठलीशी अदृश्य शक्ती जगाला रेटतेय, असं सगळ्या मोठ्या लोकांचं म्हणणं.

“आणि तुझं?”

“मंद दिसला म्हणून लांब गेला, हे कशावरून? वाटेत धूळ असेल. आपलंच घड्याळ हळू चालत असेल. नाहीतर तो तारा मुळातच अशक्त असेल. बिचारा आहे तिथेच असेल.”

“वा. पटतंय.”

ओगल्यांची छाती दोन बोटं वर आली. फकिराला पटलं म्हणजे निम्मं विद्यापीठ जिंकल्यासारखंच.

“पण बेलसऱ्याला नाही पटलं,” ते म्हणाले. “आम्ही दोघांनी मिळून हे काढलं, बाबा. एका डब्यात जेवलो. पहिल्या सभेत तो माझ्या शेजारी उभा राहून असा गरजला... मग हळूहळू गार पडला. फोनवर नुसतं हं, हूं. पुढे तर स्वतःच फोन करायचा आणि गप्प बसायचा. छळायला.”

“भांडला होता?”

“भांडायला कशाला हवं? माणूस दुरावला की कळतं. तिकडच्या लोकांना जाऊन मिळाला. मीही मग लेखावरून त्याचं नाव काढलं.”

बाबांनी दाढीवरून हात फिरवला.

“तो तुमच्याकडे येतो असं कळलं,” ओगल्यांचा आवाज उतरला. “त्याला म्हणावं, झालं गेलं विसरू. पुढच्या सभेला ये. तुझ्यावाचून उभं राहवत नाही.”

बाबांचे ओठ हलले. आवाज नाही.

“काय म्हणालात?”

ओठ पुन्हा हलले. ओगले जवळ सरकले, वाकले, शेवटी कान बाबांच्या दाढीला टेकला. तेव्हा कुठे एक श्वास ऐकू आला... “मुकुंदा.”

ओगले दचकून मागे झाले. या नावानं त्यांना एकच माणूस हाक मारायचा.

“त्याला घशाचा आजार होता,” बाबा म्हणाले. “एवढाच आवाज उरलेला. तुला फोन इथूनच लावायचा. तू हॅलो, हॅलो करायचास, आणि ठेवून द्यायचास.”

“आता... कुठे आहे तो?”

“मागच्या अमावास्येला गेला.”

ओगले बसल्या जागी खचले. एवढा विद्वान माणूस, पण रडायला लागला तो अगदी पोरासारखा, गळा काढून.

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“हळू, बेटा. तो बोलत असेल.”