निजलेला पुदिना

एका गावात, अगदी वेशीजवळच्या आळीत, एक काकू राहत होत्या. घर तसं लहानच, पण परसात काय नव्हतं! कढीपत्ता, गवती चहा, ओवा, कोथिंबीर, आणि मोरीच्या पाण्यावर माजलेला पुदिना. येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून वास घ्यायचा आणि काकू फुलून जायच्या. कोणी चार पानं मागितली की मात्र कपाळाला आठी पडायची. सरळ नाही म्हणावं तर लोक नावं ठेवणार, म्हणून त्यांच्याजवळ सबबी कायम तयार असत.

एकदा ऐन दिवेलागणीला शेजारची सून कुंपणाशी आली. तिची छोटी लेक तापातून नुकतीच उठली होती आणि अन्नाकडे बघतही नव्हती.

"काकू, आज पहिल्यांदाच पोरीनं तोंडानं काही मागितलंय. पुदिन्याची चटणी पाहिजे म्हणते. चार काड्या द्याल का?"

द्याव्यात, असं काकूंच्या मनात आलंही. पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या सासरची माणसं यायची होती. त्यांना वाफा भरगच्च दिसायला नको का?

"अगं, दिवे लागले की," काकू म्हणाल्या. "झाडं निजली आता. निजल्या झाडाला हात लावला तर पाप लागतं. सकाळी ये."

रीत खरीच होती, गावात सगळेच ती पाळत. "माझ्या लक्षातच आलं नाही बघा," असं म्हणून शेजारीण माघारी फिरली. काकूंना हायसं वाटलं. पुदिनाही वाचला आणि धर्मही पाळला गेला!

थोड्याच वेळात पाहुणे दारात हजर. एक दिवस आधीच! काकूंची तारांबळ उडाली. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "अगं, जरा पोळ्या लाटायला येतेस का?"

शेजारणीची लेक न जेवताच झोपली होती. शेजारीण लगेच आली आणि पोळपाटाशी बसली. मग काकू मागच्या दारानं हळूच परसात गेल्या. अंधारात चाचपडत त्यांनी ओंजळभर पुदिना खुडला.

ताटात चटणी वाढली. विहीणबाईंनी बोटानं चाखून पाहिली. "वा! आत्ता खुडल्यासारखा वास आहे हो. पण दिवे तर केव्हाच लागले. तुम्ही अशा वेळी झाडाला हात लावता?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. पोळी वाढायला आलेली शेजारीण तिथंच उभी होती. काकूंची मातीनं भरलेली बोटं तिनं मघाशीच पाहिली होती. आता ही बोलणार, असं वाटून काकूंनी मान खाली घातली.

"छे हो," शेजारीण म्हणाली. "काकू रीत मोडायच्या नाहीत. दुपारीच खुडून ओल्या फडक्यात ठेवला होता त्यांनी."

एवढं बोलून ती पुन्हा पोळ्या लाटायला गेली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना वाटलं. त्या रात्री त्या न जेवताच आडव्या झाल्या.

उजाडताच काकू मुळांसकट पुदिना घेऊन शेजारी गेल्या. मुलगी अंथरुणात बसली होती.

"बाळ, चटणी करू ना?"

मुलीनं तोंड फिरवलं. "आता नको. काल हवी होती."

"अगं, काल मी..." काकू शेजारणीला सांगू लागल्या.

"मला कळलंय, काकू," शेजारीण हलकेच म्हणाली.

काकू खाली बसल्या आणि तिच्या मोरीपाशी त्यांनी आपल्या हातानं ती मुळं लावली.

पुढे मुलगी जेवू लागली, पुदिनाही फोफावला. त्याची पहिली चटणी झाली तेव्हा शेजारणीनं भरली वाटी कुंपणावरून काकूंना दिली. काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली, पण मान वर करून तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

तात्पर्य इतकंच: द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणावं, पण आपला हात आखडता घेताना धर्माची ढाल पुढे करू नये.